येसबानं जाकीट पारखलं

एका माळावरच्या गावात येसबा नावाचा एक भोळा आचारी होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं सगळं ऐकायचा. आता सांगितलेलं ऐकणारा नवरा कुठल्या बाईला नको असतो? पण त्याची बायको भामा कपाळाला हात लावून बसायची. कारण हा ऐकायचा एका कामाचं आणि लावायचा दुसऱ्याच कामाला.

हाताला मात्र चव होती. कॉलेजातली पोरं घेऊन डोंगर चढणारे रणदिवे सर एकदा त्याच्या हातचं पिठलं जेवले आणि बोटं चाटत म्हणाले, "येसबा, उन्हाळ्यात आम्ही हिमालयात जातोय. स्वयंपाकाला तू चल."

येसबानं आजवर बर्फ बघितला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तो हरखला. भामा गावभर सांगून आली. तिची जाऊ फिस्सकन हसली.

"ह्यो? आन हिमालयात? अगं, ह्यो तालुक्याला गेला तर चार माणसं हुडकायला जात्यात!"

भामाच्या ते जिव्हारी लागलं. आता हिमालय बघून आल्याशिवाय नवऱ्याला उंबऱ्यात घ्यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

सरांची अट एकच होती. "तिथं थंडी जीव घेते. जाकीट पारखून घे. धड नसेल तर मी गाडीत घेणार नाही."

भामानं नवऱ्याला समोर बसवलं. "हे बघा, पारखायचं म्हंजे कसं? घोंगडं घेताना आपण एक धागा उपसतो, काडी लावतो. केस जळल्यावानी वास आला की लोकर अस्सल. अशी पारख पायजे."

"बरं," येसबा म्हणाला. "तसंच करतो."

तालुक्याला पोपटशेठचं दुकान होतं. शेठनं एक निळं, चकचकीत जाकीट काढून दिलं. येसबानं बाहीचा धागा उपसला. खिशातून काडेपेटी काढली. काडी ओढून धाग्याला लावली. बाही भसकन वितळली आणि कोपरापाशी भाकरीएवढं भोक पडलं.

"शेठ," येसबा हुंगत म्हणाला, "केसाचा वास येत न्हाई. लोकर नकली हाय."

पोपटशेठ गादीवरून उडालाच. "अरे जाळतोस काय! जाकीट जाळून बघतात का? पाणी टाकून बघतात! पाणी वरच्या वर घरंगळलं पाहिजे, आत थेंब जाता कामा नये!"

"बरं," येसबा म्हणाला. "आता तसंच करतो."

पुढच्या बाजाराला तो पाण्याची घागर खांद्यावर घेऊनच आला. बाजारात घागर घेऊन जाकीट घ्यायला आलेला माणूस बघून शेठनं सावध व्हायला हवं होतं. पण गिऱ्हाईक दिसलं की दुकानदाराला घागर दिसत नाही. त्यानं पिसं भरलेलं एक भारी जाकीट गादीवर पसरलं. म्हणाला, "हे बघ, आत बदकाची मऊ पिसं. उबेला याच्यासारखं दुसरं नाही."

येसबानं घागर पालथी केली. नेम चुकू नये म्हणून जाकिटाच्या गळ्यातूनच ओतली. जाकीट भिजलेल्या कोंबडीसारखं गादीला चिकटून बसलं.

"थेंब बाहेर आला न्हाई, शेठ. समदं पाणी आतच ऱ्हायलं."

"अरे कर्मा! पिसाचं जाकीट पाण्यानं मरतं! ते दाबून बघायचं असतं. दाबलं की बसलं पाहिजे, सोडलं की टम्म फुगून वर आलं पाहिजे!"

"बरं," येसबा म्हणाला. "आता तसंच करतो."

तिसऱ्या बाजाराला दुकानात फौजदारसाहेब उभे होते. बायकोबरोबर बद्री-केदारला जायचं होतं, म्हणून पिवळं जाकीट अंगात चढवून आरशात बघत होते. माणूस खात्यापित्या घरचा. येसबा गेला आणि दोन्ही हातांनी त्यांचं पोट दाबलं. बसलं. सोडलं. टम्म फुगून वर आलं.

येसबाचा चेहरा खुलला. "शेठ, पारख झाली! ह्येच द्या!"

फौजदारांच्या मिशा थरथरल्या. त्यांची बायको मात्र तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. त्या बाईमुळे येसबा त्या दिवशी चौकीत गेला नाही.

पोपटशेठनं हात जोडले. ते पहिलं, भोक पडलेलं निळं जाकीट येसबाच्या अंगावर फेकलं. "हे घे. फुकट घे. आणि परत माझी पायरी चढू नकोस. पारख करायची तर थंडीत जाऊन बस. थंडीत ऊब लागली की जाकीट चांगलं!"

"बरं," येसबा म्हणाला. "आता तसंच करतो."

भामानं भोकाला घोंगड्याचं ठिगळ लावलं आणि निघायच्या दिवशी त्याला सकाळीच तालुक्याच्या स्टँडवर पाठवलं. रणदिवे सर तिथं गाडीवर सामान बांधत होते. त्यांनी ठिगळ ओढून बघितलं. "चालेल. संध्याकाळी सहा वाजता गाडी सुटेल."

"सर, थंडीत बसून बघायचं तेवढं ऱ्हायलंय. आन हिमालय आला हे वळखायचं कसं?"

सर घाईत होते. "पायाखाली गारठा, तोंडातून वाफ, वर पांढराशुभ्र बर्फ. एवढं दिसलं की समज हिमालय आला."

भर मे महिना. डांबर वितळत होतं. येसबा थंडी शोधत निघाला. स्टँडापासून जवळच बेदाणा ठेवायचं कोल्ड स्टोरेज होतं. हमाल पेट्या आत नेत होते, जाड दारातून गार वाफ बाहेर येत होती. येसबा त्यांच्या मागून आत शिरला. पायाखाली गारठा. तोंडातून वाफ. वर पाइपांवर पांढराशुभ्र बर्फ. पत्र्याच्या आड कुठंतरी यंत्र घुमत होतं.

येसबानं आधी हात जोडले. मग पेट्यांच्या मागं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसला. ऊब लागली. इतकी लागली की घोरायला लागला. हमालांनी दार लावलं. सहा वाजले. सरांनी वाट बघितली, हाका मारल्या, शेवटी गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी हमालांनी दार उघडलं तेव्हा येसबा ताजातवाना बाहेर आला आणि थेट घरी गेला.

भामा दारात आडवी आली. "अवो! गाडी चुकली?"

"कशाला चुकतीया? जाऊन आलो. जाकीट एक नंबर निघालं."

जाऊ धावत आली. पाठोपाठ आळी गोळा झाली. "हिमालय कसा हाय ओ, भावजी?"

"चार भिंती हायती. बेदाणा लई पिकतो. देव काय दिसला न्हाई, पर वर पत्र्याच्या आड कुठंतरी घुमत हुता."

जाऊनं पटकन डोक्यावर पदर घेतला. त्या आळीतल्या कुणीच हिमालय बघितला नव्हता. भामानं मान ताठ केली आणि नवऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून त्याला घरात घेतलं.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. मागं वारा नुसता घोंघावत होता. "येसबा! अरे कुठं आहेस? आम्ही हिमालयात पोचलो, इथं पोरं कच्चा भात खातायत!"

येसबाला सरांची फार दया आली.

"सर, तुमी वाट चुकलासा. हिमालय हितंच हाय, स्टँडापासनं चालत पाच मिंटं. भिऊ नगासा. मागारी फिरा. हमालाला सांगून दार उघडं ठेवतो."