गुडघ्याला गुडघा

"…आणि गाडी थांबली की?" बुवांनी विचारलं.

"थांबली की स्पीकरचा आवाज आपोआप उतरतो. वेग वाढला की आपोआप चढतो. वाऱ्यात एक शब्द वाया जात नाही, बुवा."

"हुशार आहे."

"अ‍ॅम्प्लिफायर?"

"तोही."

हेमकांत खूश झाला. मठाच्या अंगणात त्याची लांब पल्ल्याची मोटारसायकल उभी होती. याच गाडीवरून देश पालथा घालून तो एक दिवस मठात उतरला होता आणि राहिला होता. आता आठवडाभर खपून त्याने ती सजवली होती. सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, थेट बॅटरीपासून ओढलेली जाड वायर, वायरीवर फ्यूज, बाजूच्या दोन्ही पेट्यांच्या झाकणांत स्पीकर. पाणी शिरणार नाही असे. इंजिनियर माणूस. काम चोख होतं, खोट काढायला जागा नव्हती.

लिंबाजीबुवा खोट काढायला बसलेही नव्हते. ते बाजेवर पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होते.

घोडं गुडघ्यांशीच अडलं होतं. सुगी सरली की बुवा डोंगरपट्ट्यातल्या गावांची फेरी करत. पायी. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं. फेरी कुणाच्या तरी हाती द्यायची होती. आणि ज्याच्या हाती फेरी, त्याच्या हाती उद्याचा मठ, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

हेमकांतला फेरी हवी होती.

"बुवा, राग मानू नका. तुमचा आवाज लहान. दोन रांगांच्या पुढे जात नाही. मी तो गावभर नेतो."

"लहान आहे खरा."

मठाचा बैल उधळला होता तेव्हा याच आवाजाने त्याला पल्याडच्या टेकडीवरून माघारी फिरवलं होतं. हेमकांतने ते पाहिलं होतं आणि तो विसरला होता.

"आता हे ऐका," तो म्हणाला.

बुवांची एक रीत होती. गावात बसकूर टाकून बसले की आधी विचारत, "गुडघ्याला गुडघा लागला का?" लोक सरकत, दाटत, म्हणत, "लागला." तोवर बुवांच्या तोंडून पुढचा शब्द निघत नसे.

हेमकांतने बटण दाबलं.

डाव्या स्पीकरमधून बुवा गरजले, "गुडघ्याला गुडघा लागला का?"

उजव्यातून अख्खा गाव गरजला, "लागला!"

अंगणातली कबुतरं उडाली.

"प्रश्न डावीकडून, उत्तर उजवीकडून. गेल्या वर्षीच्या फेरीतलं आहे. लोकांना उत्तर द्यायचेही कष्ट नकोत."

बुवांनी तेलाचा हात पंचाला पुसला.

"मग आपण तरी कशाला जायचं?"

हेमकांत मोकळेपणी हसला. त्याला ती थट्टा वाटली.

"फेरी माझ्याकडे द्याल ना, बुवा?"

"उंबरदऱ्याला चल. तिथे सांगतो."

हेमकांतने हेल्मेट घातलं, जाकीट चढवलं, गुडघ्यांवर प्लॅस्टिकच्या टणक वाट्या बांधल्या.

"हे काय रे?"

"गुडघ्यांची ढाल. पडलो तरी गुडघा शाबूत."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही," बुवा म्हणाले आणि कण्हत मागे बसले.

गाडी निघाली. वेग चढला, स्पीकरमधल्या बुवांचा आवाज चढला. वाटेत मोळी घेतलेल्या एका म्हातारीने हात वर केला, काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. गाडी पुढे गेली.

उंबरदऱ्यात पाणवठे दोन, स्मशानं दोन. बुवांसमोर बसायला मात्र जागा एकच, पिंपळाच्या पाराखालची जमीन. एरवी वर्षभर त्या जमिनीवर कोण कुठे बसतं हे विचारायला नको होतं. सगळ्यांना पाठ होतं.

हेमकांतने गाडी पाराला लावली, आवाज हाताने पूर्ण चढवला.

स्पीकरने विचारलं, गुडघ्याला गुडघा लागला का.

स्पीकर म्हणाला, लागला.

मग स्पीकरमधून बुवांचा गेल्या वर्षीचा शब्द न् शब्द गावभर घुमला. स्वच्छ, गोड. पाटील आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून ऐकत होते. ओढ्यापलीकडचे लोक आपापल्या उंबऱ्यांत बसून ऐकत होते. पाराखाली एक कुत्रं झोपलं होतं.

बुवा काठी टेकत पाटलांच्या ओट्याकडे गेले. हेमकांत मागोमाग.

"येतंय का ऐकू, पाटील?"

"झकास, बुवा! दरसाल असंच करा. धोतर मळत नाही."

बुवा ओढा उतरले, पलीकडे चढले. सटवाजी दारात बसला होता. तो लगबगीने उठला.

"ऐकू येतंय, सटवाजी?"

"लई बेस. आता हितनंच ऐकायचं. उगी कुणाच्या कपाळाला आठी नगं."

बुवा पाराशी परतले. धाप लागली होती.

"सगळीकडे पोचतं," ते म्हणाले.

हेमकांतची छाती फुगली. "मग फेरी…?"

"बंद कर."

आवाज बंद झाला. गाव एकदम रिकामं वाटायला लागलं.

बुवांनी जमिनीवर पोतं अंथरलं, बसले आणि आपल्या लहान आवाजात विचारलं, "गुडघ्याला गुडघा लागला का?"

कुणाला ऐकू गेलं नाही.

"बुवा, मशीन लावा की!" पाटील ओट्यावरून ओरडले.

बुवांचे ओठ पुन्हा हलले.

हेमकांतचा हात बटणावर गेला. "लावू?"

बुवा पोतं सारखं करत बसले. हेमकांतने हात काढून घेतला.

मोळीवाली म्हातारी वाटेने आली. मोळी टाकली, बुवांसमोर बसली.

"मघाशी येवढी हाळी दिली. लेकराला म्हनलं जरा थांब, मोळी घे म्होरं. पर तुमीच येवढं बोलत हुता बुवा, तुमाला कसं ऐकू जावं?"

बुवांनी स्वतःचा कान पकडला. म्हातारी खो खो हसली.

ते हसणं ऐकून ओढ्यापलीकडून सटवाजी उठला. काय चाललंय ते त्याला तिथून कळेना. तो पाराशी आला. मागोमाग आणखी लोक आले. बुवांचे ओठ हलत होते आणि उभ्याने काही ऐकू येत नव्हतं, म्हणून माणसं बसत गेली.

शेवटी पाटील आले. स्वतः खुर्ची उचलून आणली होती. जागा पाहिली… खुर्चीपुरती नव्हती. खुर्ची परत पाठवली. समोर उरलेली जागा सटवाजीच्या शेजारी होती.

"सर जरा," पाटील गुरगुरले आणि धोतर सावरत खाली बसले.

बुवांच्या उजव्या हाताला एका माणसापुरती फट होती.

हेमकांत गाडीला टेकून उभा होता.

"ये, हेमकांता."

तो आला. बसताना गुडघ्यांवरच्या वाट्या करकरल्या आणि बुवांच्या गुडघ्याला प्लॅस्टिक टेकलं.

"गुडघ्याला गुडघा लागला का?"

"लागला," लोक हळूच म्हणाले. जवळ बसलेल्या माणसाला जेवढ्या आवाजात सांगावं तेवढ्याच.

"लागला, बुवा," हेमकांतही म्हणाला. मग कानाशी वाकून, "फेरीचं तुम्ही इथे सांगणार होता…"

बुवांनी बोट वाकवलं आणि त्याच्या गुडघ्यावरच्या प्लॅस्टिकवर वाजवलं. टक, टक. दार वाजवावं तसं. मग कान लावला.

"आत कोण आहे?"