शिंपीण आणि उंबराचं पान

“मी ही शीर तोडणारच! इथूनच आपल्या अंड्यांची बातमी खाली जाते,” शिंपीण तणतणली.

“अगं, शिरेतून पानाला पाणी येतं,” शिंपी वैतागून म्हणाला.

“पाणी वर येतं, तर बातमी खाली जात नसेल कशावरून? मुळाशी उंदराचं बीळ आहे, ते नाही दिसत तुला!”

मुलांनो, हे भांडण जुंपलं होतं जंगलातल्या ओढ्याकाठच्या एका उंबरावर. शिंपी पक्ष्यांचं हे जोडपं. दोन हिरव्या पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडायची, त्या कापसाच्या धाग्यानं शिवायच्या आणि त्या झोळीत घरटं करायचं, ही त्यांची रीत. टाका कडेलाच घालायचा, मधल्या शिरेला चोच लावायची नाही, हेही आईबापांपासून चालत आलेलं. का, ते शिंपिणीनं कधी विचारलं नाही. विचारायला काय जीभ झिजते? पण संशय घ्यायला बाई सदा तयार! पानाच्या पाठीवर, आपल्याला दिसणारही नाहीत इतकी बारीक छिद्रं असतात. ती पाहून म्हणे, “ही तोंडं उगाच उघडी नाहीत. काहीतरी कुजबुजतात.”

“कुजबुजतात कसली? हवा घेतात!” शेजारच्या फांदीवरची म्हातारी साळुंकी खेकसली. “मुळांनी ओढलेलं पाणी शिरेतून येतं, हवा छिद्रांतून येते आणि उन्हाच्या जोरावर पान अन्न रांधतं. साऱ्या झाडाची चूल आहे ती, बाई.”

“तुम्हाला बरं सगळं ठाऊक! तुम्हीही या पानांनाच सामील दिसता.”

शिंपी किडे टिपायला गेला, तशी तिनं एका पानाची शीर देठाजवळ टोचून टोचून तोडली. पांढरा चीक आला. “पाहा, विष! मी म्हटलं नव्हतं?” ती ओरडली.

दुपारच्या उन्हात ते पान मलूल झालं. दुसऱ्या दिवशी वाळून आकसलं, टाके ताणले गेले आणि झोळीला फट पडली. हिरव्यागार झाडावर तेवढाच एक तपकिरी ठिपका! कावळा वरून जाता जाता वळला. “हे वाळकं गाठोडं कसलं बरं?” म्हणत त्यानं फटीत चोच घातली आणि एक अंडं गिळलं. साळुंकी त्याच्या डोक्यावर तुटून पडली, म्हणून बाकीची वाचली.

आता घरटं उरलेल्या एका पानावर लोंबकळत होतं. आणि शिंपिणीनं त्याच पानाच्या शिरेवर चोच रोखली. “यानंच कावळ्याला सांगितलं! याचीही शीर तोडते!”

“आधी मला टोच, मग त्याला,” शिंपी पंख पसरून आडवा आला.

तेव्हा साळुंकी म्हणाली, “कावळ्याला कुणीच काही सांगितलं नाही गं, शीर तोडून तू तहानेनं मारलेलं पान त्याला लांबून दिसलं.”

तात्पर्य : ज्याच्या आधारानं आपलं घर टिकून आहे त्याचा संशय आला, तर आधी त्याचं काम समजून घ्यावं, चोच मग उगारावी.