उजव्या किडनीचा रुसवा

फार पूर्वी नर्सिंगच्या एका शाळेत माणसाच्या धडाचा लाकडी नमुना होता. त्यातली उजवी किडनी सदा फुरंगटलेली. डोक्यावर थोरलं यकृत बसलेलं, म्हणून तिची जागा डावीपेक्षा बोटभर खाली!

"जावेपेक्षा खालचा पाट मलाच का?" म्हणत परीक्षेच्या दिवशी ती थेट यकृताच्या डोक्यावर जाऊन बसली.

"बसा बाईसाहेब, मिरवा!" कोपऱ्यातला सांगाडा दात काढून म्हणाला. दात काढण्यापलीकडे त्याला येतं तरी काय!

तेवढ्यात सुलक्षणा परीक्षेला आली. बाई म्हणाल्या, "डोळे मिटून उजवी किडनी काढ. चुकलीस तर यंदा नर्सची टोपी विसर."

पोरीचा हात बरोबर यकृताखाली गेला. जागा रिकामी! "बाई, इथंच असते हो ती," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, पण हात काही तिथून हलवेना.

वर बसलेल्या किडनीला राहवेना. ती हळूच घरंगळली, ती नेमकी त्या तळहातावर.

सुलक्षणा पास झाली. सांगाड्याने डिवचलंच, "काय गं, पुन्हा खालीच?"

"खाली नव्हे रे हाडक्या, जागेवर," किडनी फणकारली. "तुला शोधत येतं का कुणी?"