सरकारांच्या पायताणांचा माग

राणीसाहेबांनी सलग तिसऱ्या दिवशी जेवणाचं ताट परत पाठवलं आणि वर निरोप धाडला, "पुढच्या बोटीनं आम्ही बोरखिंडीला परत जातो. स्वारीला सिंह लखलाभ असोत!"

बोरखिंड संस्थानचे रणधीरराजे शिकारीसाठी थेट आफ्रिकेत आले होते. येताना मोठ्या हौसेनं राणीसाहेबांनाही घेऊन आले. पण राणीसाहेबांना शिकारीचं भारी वावडं! मेलेला ससा दिसला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आता झाली का पंचाईत? राजांना शिकार सोडवेना आणि बायकोचा रुसवाही बघवेना. मग राजेलोक करतात तेच त्यांनी केलं, आपलं लचांड दुसऱ्याच्या गळ्यात घातलं! राणीसाहेबांच्या हौसा दासीला बोलावणं गेलं.

"ऐक पोरी! आठ दिवसांत राणीसाहेब हसल्या पाहिजेत. पण आमची शिकार एक दिवसही थांबायची नाही. तळ हलायचा नाही. आणि त्यांच्या नजरेला रक्ताचा थेंब पडायचा नाही!"

"आणि नाही जमलं तर, सरकार?"

"तर तुझ्या बापाची नाईकी गेली!"

हौसाचा बाप येसबा नाईक राजांसाठी शिकारीचा माग काढणारा. मातीतला ठसा बघून जनावर जेवून गेलंय की उपाशी, हे सांगणारा माणूस! हौसाही त्याच्याकडूनच ठसे वाचायला शिकलेली. तीन पिढ्यांची नाईकी होती ती, आणि एका रुसव्यापायी जाणार?

ती राणीसाहेबांकडे गेली. "आईसाहेब, तुम्हांला इथं खुपतंय तरी काय?"

"काय खुपतंय? अगं, दिवसभर तंबूच्या कनाती मोजायच्या, आणि संध्याकाळी शेकोटीशी बसून स्वारीच्या बढाया ऐकायच्या! काल म्हणे सिंहाच्या डोळ्यांत डोळे घालून उभे राहिले. खरं-खोटं कोण बघायला गेलंय?"

हौसाचे डोळे चमकले. "आपणच जाऊ की बघायला!"

दुपारी राजे जेवून घोरू लागले. तशी हौसा दोन बंदूकवाले पहारेकरी घेऊन राणीसाहेबांना माळावर घेऊन गेली. एक गोष्ट तिच्या पथ्यावर पडली होती. साऱ्या तळात कुणी बूट घालायचं, कुणी अनवाणी हिंडायचं. राजे तेवढे कोल्हापुरी पायताणांशिवाय पाऊल टाकत नसत. आफ्रिकेच्या मातीत तसला ठसा दुसरा कुणाचा असणार?

"हे बघा आईसाहेब, इथं सरकार उभे होते. टाच चांगली रुतलीय."

"म्हणजे खरंच उभे राहिले?"

"राहिले की! पण पुढं बघा, टाच गायब. नुसते चवडे! आणि दोन पावलांत हे एवढं अंतर!"

"अगं बाई! धूम ठोकली?"

"आणि मागं सिंहाचा पंजा कुठंच नाही. हा दोन बोटांचा ठसा बघा. शहामृग!"

माग एका काटेरी बाभळीपाशी संपला. बुंध्याची साल खरवडलेली होती आणि वरच्या काट्याला रेशमी फेट्याची चिंधी लोंबत होती. राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही पदरात मावेना. हसून हसून त्या मटकन खालीच बसल्या!

त्या दिवसापासून तळाचा रंगच पालटला. गेंडा म्हणून सांगितलेलं जनावर पिल्लांची रानडुकरीण निघालं. ज्या ओढ्यात राजांनी मगरीला दम दिला होता, तिथं राजे घसरून बसल्याचा भलामोठा गोल ठसा सापडला. संध्याकाळी राजे मिशीला पीळ देऊन गोष्ट सांगत आणि राणीसाहेब रंगून ऐकत. "मग? मग काय केलंत?" येसबा बिचारा मान खाली घालून शेकोटीत लाकडं सारत बसे. खाल्ल्या मिठाला जागायला नको?

आठव्या दिवशी पहाटे राणीसाहेबांनी स्वतः शिदोरी बांधली आणि म्हणाल्या, "स्वारी अजून तंबूतच? निघा लवकर!"

राजे चक्रावले. शिकारीला निघालं की कालपर्यंत तोंड फिरवणारी बायको आज ढकलून बाहेर काढते? कुठंतरी पाणी मुरतंय! त्या दुपारी राजांनी घोरण्याचं नुसतं सोंग केलं. मग दबक्या पावलांनी मागोमाग गेले, तर काय! राणीसाहेब पदर खोचून वाकून माती न्याहाळताहेत!

संध्याकाळी शेकोटीपाशी सगळ्यांदेखत राजे गरजले, "हौसे! शिकारीचं वावडं असलेल्या राणीसाहेबांना तू शिकारीला नेलंस?"

हौसा हात जोडून उभी राहिली. "नाही सरकार. बंदूक नाही, गोळी नाही, रक्ताचा थेंब नाही. नुसता माग काढला."

"कुठल्या जनावराचा?"

"नाव ठाऊक नाही, सरकार. पण या साऱ्या रानात तसं एकच आहे. दिवसभर जीव घेऊन पळतं, आणि संध्याकाळी शेकोटीपाशी येऊन सांगतं, मी जागचा हललोच नाही!"

राजांचा चेहरा लालबुंद झाला. इतक्यात राणीसाहेब फेट्याची चिंधी पुढं करून म्हणाल्या, "आणि आम्हांला ते जनावर फार आवडतं हो! त्याला सोडून आम्ही आता बोटीत पाऊल टाकणार नाही."

राजांनी चिंधीकडे पाहिलं, राणीसाहेबांकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटले. डोळ्यांना पाणी आलं तरी थांबेनात!

"जा पोरी, तुझ्या बापाची नाईकी कायम! आणि त्याच्यामागून ती तुझी!" असं म्हणून त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. मग तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पण उद्यापासून आम्ही बूट घालणार बरं का!"

"घाला की, सरकार," हौसा कडं कपाळाला लावत म्हणाली. "बूट घालून बाभळीवर चढता आलं तर!"

आणि राजांना पुन्हा हसू फुटलं.