झाकणवाला आणि म्हातारीची हाक

फार फार वर्षांपूर्वी माणसं आवाज मडक्यांत भरून ठेवत, तेव्हाची ही गोष्ट. कशी भरत ते मला विचारू नका. ती विद्या मडक्यांबरोबरच फुटून गेली.

एका डोंगराच्या पायथ्याशी लहानसं गाव होतं. तिथं एक माणूस राहायचा, त्याला सगळे झाकणवाला म्हणत. कुणी ढोलाचं मडकं आणून देई, कुणी सनईचं, कुणी झांजांचं. तो ती घरच्या ओटीवर मांडायचा आणि झाकणं सरकवत बसायचा. कुणाचं बोटभर उघडायचं, कुणाचं चार बोटं. झाकण जितकं उघडं, तितका आवाज मोठा. सगळे आवाज एकमेकांत नीट मिसळले की तो ते एका रांजणात उतरवायचा आणि रांजणाच्या तोंडावर लाखेची मोहोर लावायचा. कितीही ओतलं तरी मडक्यातला आवाज सरत नसे.

झाकणवाल्याचा कान तयार होता, हात हलका होता. खोड एकच. त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही.

त्याच गावात एक म्हातारी होती. तिचा म्हातारा आणि गावातले बाकीचे मेंढके दिवसभर वर पठारावर मेंढरं चारायचे. संध्याकाळी धुकं उतरलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही, आणि पठाराच्या दोन्ही बाजूंना खोल कडे. म्हणून म्हातारी वेशीजवळच्या टेकाडावर उभी राहून उंच, लांब सुरात हाक द्यायची, "या ऽऽ रं, घराकडं या ऽऽ!" त्या हाकेच्या रोखानं मेंढके खाली यायचे. चाळीस वर्षांत एकही माणूस चुकला नव्हता.

पण त्या वर्षी तिचा गळा बसायला लागला. तेव्हा ती एक लहानसं मडकं पदराखाली घेऊन झाकणवाल्याकडे आली.

"लेकरा, उरलाय त्या आवाजात हाक यात भरून ठेवलीय," ती म्हणाली. "गळा गेल्यावर माझ्या म्हाताऱ्याला घरी कोण बोलवणार?"

झाकणवाल्यानं मडकं दोन्ही हातांनी घेतलं. "आजी, तू काळजी करू नकोस. तुझी हाक पार पठारावर पोचवतो."

बातमी गावभर झाली. नुसती हाक ठेवायची? गावाला शोभतं का? सगळ्यांनी हाकेला साथ द्यायचं ठरवलं. मनं चांगली होती हो, म्हातारीवर प्रत्येकाचा जीव होता. मडकी आली, आणि झाकणवाल्यानं पहिल्या दिवशी जे मिसळलं ते खरोखर सुरेख होतं. हाक पुढे होती आणि बाकी सगळे तिच्या मागे अदबीनं चालत होते.

मग ढोलवाला ऐकायला आला. "झकास झालंय दादा. फक्त ढोल जरा वर घ्या की."

झाकणवाल्यानं ढोल दोन बोटं उघडला. ढोलात सनई बुडाली, म्हणून सनईवाला रुसला. सनई चढवली तर झांजवाला दारात उभा. "आमच्या झांजांनी काय घोडं मारलंय?" झांजा चढल्या, की ढोलवाला परत आला. असं आठ दिवस चाललं. जो आला तो खूश होऊन गेला. म्हातारीनं मात्र काही मागितलं नाही.

झाकणवाल्याची बायको आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "अहो, इथं आजींची हाक ऐकूच येत नाही."

"मला तर येते की."

"तुम्ही शंभरदा ऐकलीय. ती कुठं आहे ते तुम्हाला पाठ झालंय. धुक्यातल्या माणसाला कुठं पाठ असणार?"

झाकणवाल्यानं म्हातारीचं झाकण आणखी सरकवून पाहिलं, पण ते तर आधीच पूर्ण उघडं होतं. बाकीच्यांची झाकणं लावायला त्याचा हात होईना. त्यानं मोहोर लावून टाकली.

पंधरा दिवसांत म्हातारीचा गळा पुरता बसला. एका संध्याकाळी धुकं दाट उतरलं, तेव्हा गावानं रांजण टेकाडावर नेला आणि मोहोर फोडली. डोंगर दणाणला! ज्याला त्याला आपलं वाद्य ऐकू आलं, आणि जो तो मान डोलावू लागला.

वर पठारावर मात्र ढोल दोन्ही कड्यांवर आपटून चारी दिशांनी घुमत होता. घर कुठल्या बाजूला, कुणालाच कळेना. थोड्या वेळानं मेंढक्यांचा कुत्रा एकटाच खाली आला. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

म्हातारीला बोलता येत नव्हतं. तिनं नुसता झाकणवाल्याचा हात धरला.

झाकणवाला घराकडे धावला, तर बायको डोक्यावर टोपली घेऊन टेकाड चढतच होती. टोपलीत सगळी मडकी होती. त्यानं रांजण बंद केला, मडकी मांडली, सवयीनं सगळीच उघडली आणि ढोलाचं झाकण लावायला हात नेला. पण ढोलवाला समोरच उभा होता. हात तिथंच थांबला.

मग तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "नाही. आता कुणाचंच वर घेणार नाही. आजीपाशी होतं तेवढं तिनं दिलंय. आता आवाज खाली घ्यायचा तो आपणच."

ढोलवाल्याचा सख्खा भाऊ वर पठारावर होता. ढोलवाला गुडघ्यांवर बसला आणि त्यानं आपल्या हातानं आपल्या मडक्याचं झाकण दाबलं. सनईवाल्यानं मडक्यात पागोटं कोंबलं. झांजवाला तर मडक्यावर चक्क बसलाच.

तेव्हा हाक ऐकू आली. बारीक, चिरकी, पण सरळ वर जाणारी. "या ऽऽ रं, घराकडं या ऽऽ!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धुक्यातून मेंढरांच्या घंटा वाजल्या आणि एकेक मेंढका खाली उतरला. सगळ्यांत शेवटी म्हातारा आला.

"आज लई उशिरा हाक मारलीस गं," तो म्हणाला.

म्हातारीनं पदरानं त्याचं ओलं तोंड पुसलं. ढोलवाला खाली मान घालून उभा होता.

तेव्हापासून झाकणवाला मोहोर लावण्याआधी चुलीपाशी जाऊन ऐकायचा. आणि ओटीवर येणारा ढोलवाला म्हणायचा, "दादा, ढोल जरा खाली घ्या."

तात्पर्य : दुबळ्याचा आवाज पोचवायचा असेल, तर आधी आपल्या आवाजाला झाकण घालावं.