येसूचा साकव

ओढ्याकाठच्या एका गावात तीनशे माणसं होती आणि हात एकालाही नव्हते, त्या वेळची ही गोष्ट.

हात होते हो, पण सगळ्यांनी ते पाठीमागे बांधून ठेवलेले! पावसाळ्यात ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, वाहून गेला होता. दरवर्षीच जायचा आणि दसऱ्याला नवा व्हायचा. आधी मानकऱ्याने नारळ फोडायचा, मग गावाने पाण्यात दगड रचायचे आणि वर पोफळीचे सोट टाकायचे, अशी रीत. यंदा नारळ फोडायचा कोणी, यावरून वरच्या आळीचे अप्पा आणि खालच्या आळीचे नाना हटून बसले. दसरा गेला, दिवाळी गेली, माघ आला. देवळाच्या पायरीवर ठेवलेल्या नारळाला पोपटी, टवटवीत कोंब फुटला. सोट काठावर वाळत पडले.

नऊ वर्षांच्या इवल्याशा येसूला आईशिवाय कोणी नव्हतं. आई रोज कमरेएवढ्या गार पाण्यातून पलीकडच्या बागेत कामाला जायची. एके सकाळी ती शेवाळावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. हाडं बसवणारे बाबलवैद्य राहायचे पलीकडे. ऐंशी वर्षांचा म्हातारा काठावर येऊन ओरडला, "सात दिवसांत बसवला तर चालेल गं ती! नाहीतर जन्माची लंगडी. पण मी पाण्यात नाही उतरायचा. माझी हाडं मोडली तर बसवणार कोण?"

येसू धावत देवळात गेली. अप्पा-नाना तिथेच ठाण मांडून होते. "अप्पा आजोबा, साकव बांधा ना. सातच दिवस आहेत."

"बांधू की. पण हा मानाचा प्रश्न आहे, बाळ."

"माझ्या आईच्या पायाचा आहे!"

नाना खो खो हसले. "जीभ बघा पोरीची! बापाविना वाढलं की असंच."

येसूच्या अंगाची लाही लाही झाली. ती ओढ्याकाठच्या सुरंगीच्या बनात शिरली आणि एका झाडाला मुठी मारमारून रडली. तेव्हा खोडावरची फुलं थरथरली. एका टपोऱ्या पांढऱ्या फुलाच्या केशरी गाभ्यातून करंगळीएवढी परी बाहेर आली. पंख चतुर किड्याचे, जांभळे-निळे, लुकलुकणारे. कपाळावर दवाची टिकली.

"झाडाला का गं मारतेस, सोनुले?" परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण नियम दोन. आयतं काही मागायचं नाही, जे तू स्वतः सुरू केलं असशील त्यालाच मी हात लावीन. आणि दुसऱ्याचं मन मागायचं नाही."

"म्हणजे आईचा पाय बरा करणार नाहीस? त्या दोघांना शहाणं करणार नाहीस?"

"नाही."

"मग आलीस कशाला!" येसू फणकारली आणि तरातरा ओढ्याकडे निघाली.

तिने पहिला दगड उचलला. पाण्यात पाय ठेवताच कळ मस्तकात गेली. मागोमाग उडत आलेल्या परीला ती म्हणाली, "एवढं तरी कर, मला पाणी गार लागू देऊ नकोस." तिच्या पायांभोवतीचं पाणी कोमट, मऊ झालं. पण रचलेले दगड घरंगळू लागले. "कोणता दगड पक्का बसेल ते कळू दे." काठावरचे काही दगड मोत्यासारखे चमचमू लागले. फक्त तिलाच दिसतील असे.

दोन दिवस ती एकटीच दगड वाहत होती. पोरं खिदळली, बाया हळहळल्या आणि कळशा घेऊन घरी गेल्या. हळहळायला काय लागतं?

बाजारात कधी बसला असाल, तर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. तांदळाची रास सकाळभर तशीच पडून असते, कितीही ओरडा. मग एखादी म्हातारी वाकते, मूठभर दाणे तळहातावर घेऊन निरखते, आणि बघता बघता दहा माणसं वाकतात. ओरडण्याने माणूस हलत नाही, वाकलेली पाठ बघून हलतो.

तिसऱ्या दिवशी बांगड्यांची टोपली घेऊन गंगू कासारीण काठावर आली.

"काय गं करतेस?"

"साकव."

"एकटीच?"

येसूने तिच्या हातात एक चमचमता दगड ठेवला. "आता दोघी."

गंगूने टोपली उतरवली, पदर खोचला आणि पाण्यात उतरली. तिला पाहून तिची जाऊ आली, मग गुराखी, मग नानांच्या दोन्ही सुना. सगळ्यांचे दात कडकड वाजत होते. येसूने पाहिलं आणि परीला हळूच हाक मारली. "सगळ्यांनाच पाणी उबदार लागू दे."

"ही शेवटची हं. तुझ्यासाठी काही उरणार नाही."

"असू दे गं."

पाचव्या दिवशी अप्पा-नाना तरातरा आले. "नारळ फोडल्याशिवाय साकव? रीत बुडवता?"

"तुमच्या नारळाला आता झाड आलंय, अप्पा!" गंगू ओरडली. "त्याच्या सावलीत बसा दोघं!"

सारा ओढा हसला. नानांनी पाहिलं, आपली धाकटी सून डोक्यावर दगड घेऊन उभी. मान खाली घालून त्यांनी धोतर खोचलं. नाना उतरले म्हटल्यावर अप्पा मागे राहतात होय?

सहाव्या दिवशी सोट बसले. अप्पांनी घसा खाकरला, "आता पहिलं पाऊल टाकायचा मान..."

"आजोबा!" येसू कडाडली. "पलीकडे वैद्यबाबा काठी धरून उभे आहेत. त्यांना हात द्या!"

अप्पा गुमान गेले आणि वैद्यांना हाताला धरून घेऊन आले.

वैद्यांनी पाय बसवला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. "चालेल. पण तीन महिने हलायचं नाही."

वैद्य गेल्यावर परी त्या पट्ट्यांवर अलगद उतरली.

"माझ्या इच्छा संपल्या," येसू म्हणाली.

"तुझ्या संपल्या. ही माझी आहे."

तिने टिकलीतलं दव पायावर सांडलं. केशरी, निळा, चंदेरी उजेड झोपडीभर पसरला आणि त्यात परी विरघळून गेली. उजेड ओसरला तेव्हा आई उठून बसली होती. तिने एक पाय जमिनीवर टेकला. मग दुसरा.