लकी चुंबक

"मग त्या मुलीचं काय झालं?" नाडगौडा सरांनी विचारलं.

"प्रयोगशाळेतून काढून टाकलं, सर. दुसरं काय करणार?"

विश्राम सबनीस हे अगदी सहज म्हणाला. मिरजेच्या कॉलेजात सरांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकलेला हा पोरगा आता जर्मनीत बडा संशोधक झाला होता. ज्या क्रियेला पॅलेडियम नावाचा धातू लागतोच लागतो, ती त्याने धातूशिवाय घडवून दाखवली होती. पुढच्या महिन्यात तिकडे त्याचा मोठा सन्मान व्हायचा होता. त्याआधी गुरूच्या पाया पडायला आला होता. पाया पडला खरा, पण तोरा काही खाली उतरला नव्हता.

"तिचं चुकलं काय?"

"माझाच प्रयोग तिला जमेना. भांडी नवी घेतली, सगळं नवंकोरं घेतलं, तरी नाही. आणि वर मलाच म्हणते, तुमच्या प्रयोगात गडबड आहे! भर सभेत म्हणाली, सर. मग मीही सगळीकडे कळवून टाकलं, ही पोरगी कामाची नाही म्हणून."

"नाव काय तिचं?"

"एलिफ."

"आता कुठे असते?"

"बेकरीत पाव विकते म्हणे." विश्राम हसला.

सर हसले नाहीत.

विश्रामने खिशातून एक मखमली डबी काढली आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

"ही माझी गुरुदक्षिणा. रसायन ढवळायला भांड्यात टाकतो तो चुंबक. पीएच.डी.ला पॅलेडियमवर काम करत होतो ना, तेव्हापासून माझ्याजवळ आहे. या शोधातला प्रत्येक प्रयोग यानेच ढवळलाय. एकदम लकी! दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही कधी."

बोराच्या आठळीएवढा चुंबक. सरांनी तो खिडकीशी नेला, चष्मा वर करून पाहिला.

"याचं वरचं आवरण पांढरं असतं ना रे? काळपट पडलंय."

"धुतलाय हो सर. चांगला घासून धुतलाय."

सरांनी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

मग त्यांनी डबी मिटून टेबलावर ठेवली. "बस. चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. आतून खलबत्त्याचा आवाज आला.

चहा आला. विश्रामने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सर, चहात हिंग?"

"छे! चहात हिंग कोण घालतं?"

"अहो, चक्क हिंग लागतोय!"

"आलं घातलंय फक्त."

"मग त्या खलबत्त्यात आधी हिंग कुटला असणार तुम्ही."

"हो, पण खलबत्ता धुतला होता की. चांगला घासून धुतला होता."

विश्राम हसायला गेला. हसू तोंडातच राहिलं.

त्याने डबीकडे पाहिलं... सरांकडे पाहिलं... पुन्हा डबीकडे. हातातला कप त्याने बशीत ठेवला.

"नाही... नाही सर. शक्यच नाही."

सरांनी आपल्या चहाचा घोट घेतला.

"म्हणजे त्या आवरणात पॅलेडियम मुरलंय... इतकी वर्षं क्रिया त्यानेच होत होती?"

त्याने डबी उघडून चुंबक पाहिला आणि ती पुन्हा मिटून टेबलावर ठेवली.

"आणि तिने चुंबकही नवा घेतला होता." तो पुटपुटला. "म्हणून झाला नाही तिचा प्रयोग. ती खरं बोलत होती. अरे देवा, काय करून बसलो मी त्या पोरीचं!"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. विश्राम दचकला. मग एकदम पुढे सरकून त्याने सरांचा हात धरला.

"सर, हे अजून कुणालाच माहीत नाही. तुम्ही हा ठेवून घ्या. कपाटात टाका, विहिरीत टाका... काहीही करा. दक्षिणा आहे, नाही म्हणू नका."

सरांनी डबी उचलली. त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"माझ्याकडे कशाला आणलीस? तिला नेऊन दे."